सासरी आलेली वाम

नवरी सासरी येताना काय आणते? कुणी भांडी आणतं, कुणी कपाट, हल्ली तर दाराशी फ्रिजसुद्धा उतरतो. पेठकडच्या डोंगरातल्या या चार पाड्यांवर मात्र नवरीनं एक वाम आणायची असते, सापासारखी लांब मासळी. जिवंत. करंगळीएवढी, माहेरच्या नदीतली, तांब्यात पाण्यासकट. ती सासरच्या विहिरीत सोडायची. वाम विहिरीतले किडे खाते, झऱ्याच्या तोंडचा गाळ उकरून काढते, आणि ती जगली की नवरीचा पाय घरात रुजला असं धरतात. जिची वाम जिवंत, तिनंच भाताच्या कणगीत हात घालायचा, बियाणं तिनंच काढायचं. बाकीच्या बायांनी मागून घ्यायचं.

सासूची आणि सुनेची वाम एकाच विहिरीत असली तर ओळखायची कशी? त्याचीही सोय होती. शेळीच्या कानाला खूण करतात तशी वामेच्या मानेजवळच्या पराला करायची. उंबरपाड्याचे लोक डावा पर मुळातून कापत, करंजपाड्याचे उजवा. मुळातून कापला की पर परत फुटत नाही.

कुसाबाई माहेरची उंबरपाड्याची आणि तिची सून अक्काबाई करंजपाड्याची. अठ्ठावीस वर्षांपूर्वी अक्काबाई लग्न होऊन आली तेव्हा जीप कितीही उडाली तरी मांडीवरच्या तांब्यातला थेंब तिनं सांडू दिला नव्हता. वाम विहिरीत सोडली. पाचव्या दिवशी रीतीप्रमाणे सगळा पाडा विहिरीवर जमला. नवरीनं भाकरीचा गोळा पाण्यात टाकून आपल्या माहेराच्या नावानं हाक मारायची आणि वामेनं वर यायचं. अक्काबाईनं हाक मारली, "ये गं, करंजपाड्याची!" पाणी हललं नाही. दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. भाकर भिजून खाली गेली. तेव्हा कुसाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "गेली हिची. माझी हाय म्हणून विहीर तरी राखून हाय."

झालं! एवढ्या एका वाक्यावर बाईचा जन्म गेला. दूध नासलं, "हिची वामसुदिक टिकली नाय." शेळीचं करडू मेलं, "हिचा हात लागला असंल." दोन लेकरांची आई झाली, सासरा वारला, केस पांढरे झाले, तरी पेरणी आली की अक्काबाईनं दारात उभं राहून म्हणायचं, "आत्याबाई, बी काढून देता का?" आणि कुसाबाईनं सावकाश उठायचं, पदर खोचायचा, कणगीचं झाकण काढायचं. मुद्दाम सावकाश. अक्काबाईला ते कळायचं, आणि कुसाबाईला कळायचं की हिला कळतंय.

रोज दिवस कलताना कुसाबाई भाकर घेऊन एकटी विहिरीवर जाई. दुसरं कुणी आलं की वाम बुजते म्हणायची. "ये गं, उंबरपाड्याची!" ही हाक चुलीपर्यंत ऐकू येई. भाकरी थापणारा अक्काबाईचा हात तेवढ्यापुरता थांबे. गेल्या दोन वर्षांत मोतीबिंदूनं म्हातारीचे दोन्ही डोळे गेले. ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हती. पण पावलं मोजत विहिरीवर जायची ती जायचीच.

यंदा अक्काबाईचा राजू, नाशिकला कंपनीत असलेला, त्याचं लग्न ठरलं. मुलगी पल्लवी, सुरगाण्याकडची, शिकलेली. तिच्या बापानं फोनवर विचारलं, वाम आणायची रीत तुमच्यात अजून आहे का? अक्काबाई पटकन म्हणाली, "नाय, नाय. काही आणू नका." आतून कुसाबाई गरजली, "हाय म्हणावं! वामेबिगर नवरी माझ्या उंबऱ्यात येनार नाय."

त्या दिवशी अक्काबाईनं मनाशी गाठ मारली. आपण भोगलं ते भोगलं. या पोरीच्या पाचव्या दिवशी पाणी हललं नाही तर? आणखी एका बाईचं हे असं होऊ द्यायचं नाही, मग घरात काय व्हायचं ते होवो.

पण आधी विहिरीतच पाणी राहिना. चैत्र निम्मा झाला आणि तळ दिसायला लागला. गुडघाभर पाणी, तेही गढूळ. लग्नाचं वऱ्हाड काय टँकरवर जेवणार? अक्काबाईचा नवरा बहिरू यानं खाली पेठला जाऊन सुरुंगवाला ठरवला. लखन त्याचं नाव, सिन्नरकडचा. ट्रॅक्टरवर कंप्रेसर घेऊन सकाळीच आला, विहिरीत डोकावला आणि म्हणाला, "दुपारी तीनला बार उडवतो. उद्या मला दुसऱ्या गावी जायचंय. आत काही असंल तर काढून घ्या."

"वाम हाय आत," बहिरू म्हणाला.

"साप?"

"वाम, बाबा, वाम! मासाच, पण लांब. माझ्या आयेची हाय."

लखननं टोपी मागं सारली. "बार उडाल्यावर मुंगीसुद्धा वाचत नाही, भाऊ. तीनच्या आत बघा."

ओट्यावर बसलेल्या कुसाबाईनं हे ऐकलं आणि तिचा हात जमिनीवर काठी शोधायला लागला. अक्काबाईनं काठी उचलून तिच्या हातात दिली.

आता बहिरूचं सांगायला हवं. वाम धरण्यात पंचक्रोशीत त्याचा हात कुणी धरत नसे. नदीच्या डोहात कातळाच्या कपारींत हात घालून त्यानं मनगटाएवढ्या वामा ओढल्या होत्या. त्यांच्याविषयी बोलायला लागला की तो एरवीचा बहिरू राहत नसे, आवाज खाली यायचा. "ही काय इथली नाय," म्हणायचा, "ही समुद्रातून येती. सुईएवढी असती तेव्हा निघती, गुजरातेतून वर, धबधब्याचा ओला कातळ पोटावर चढून. बिनपायाचं जनावर आन् डोंगर चढतंय! आपल्याला एस. टी. नसली तर पेठला जाववत नाय." आणि शेवटी एकदा ती परत समुद्राला जाते, तिथंच पिल्लं घालते, तिथंच मरते, असंही तो सांगायचा. कुणी विचारलं, तुला कुणी सांगितलं, तर म्हणायचा, "धरणाऱ्याला कळतं."

पण त्याच बहिरूची आज फजिती झाली. विहिरीत उतरला, उत्तरेच्या अंगाला पाण्यालगत कातळाची चीर होती तिथं ओणवा झाला. वाम तिथंच असणार, दुसरी जागाच नव्हती. हात घातला तर कोपराच्या पुढं जाईना. पन्नाशीत अंगानं सुटला होता गडी.

काठावरून वाळूबुवा बघत होता. शेजारचा म्हातारा, याला दुसरा धंदा नाही. "आरं बहिरू, जेवन कमी कर! हात हाय का उखळातलं मुसळ?"

"तू गप बस रे! तुझा तर पायसुदिक जानार नाय इथं."

बहिरूनं आणखी जोर केला, कातडं सोलून रक्त आलं. घामाघूम होऊन वर बघितलं. अकरा वाजून गेले होते. ऊन विहिरीच्या भिंतीवरून खाली सरकत होतं. काठावर कुसाबाई आंधळे डोळे खाली लावून उभी होती, जणू दिसतंय.

"माझा हात बारीक हाय," अक्काबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ज्या बाईची वाम गेली तिनं दुसरीच्या वामेला शिवायचं नसतं. रीतच होती तशी. अक्काबाई कुणाच्या तोंडाकडे बघत बसली नाही. कासोटा आवळला, दोर धरला आणि पाय कातळाला लावत खाली उतरली. उतरताना तिला वाटलं होतं, म्हातारी ओरडेल. म्हातारी ओरडली नाही.

खाली गारवा होता. गाळ पोटऱ्यांपर्यंत आला. बहिरूनं आणलेली खरवताची पानं तिच्या तळव्याला बांधली. ती पानं इतकी खरबरीत की त्यांनी लाकूड घासतात. नुसत्या हातानं वाम धरणं म्हणजे तेल धरणं.

"आईक," बहिरू तिच्या कानाशी म्हणाला. "ओढायची नाय. ओढली का ती फुगती, पाठ कातळाला लावती, मग तिचा बाप आला तरी निघत नाय. पोटाखाली हात घालायचा आन् थोपटायचं. लेकराला थोपटतो तसं. आपसूक मागं येती. मी इथं गोनी धरतो."

अक्काबाई गाळात गुडघ्यांवर बसली, गाल कातळाला टेकवला आणि हात चिरीत घातला. कोपर आत गेलं. दंड गेला. खांदा कातळाला भिडला तेव्हा बोटांना काहीतरी लागलं.

आधी तिला ते कातळच वाटलं, एवढं जाड होतं. मग ते श्वास घ्यायला लागलं.

पळावंसं वाटलं आणि हलूही नये असं वाटलं. बोटांखाली एक मोठं, गार, जिवंत अंग हळूहळू सरकत होतं, सरकतच होतं, संपायचं नाव नाही. इतकी वर्षं ती याच विहिरीचं पाणी भरत होती, आणि हिच्यावर घागर बुडवत होती. खाली हे होतं! एवढं मोठं काही तिच्या पायाखाली जगत होतं आणि तिला त्याची एवढीही कल्पना नव्हती.

"लागली का?" बहिरू कुजबुजला.

"लागली."

"केवढी?"

ती थोपटायला लागली. पोटाखाली हात, हळू, एका लयीत. तोंडानं काहीतरी बडबडत होती, राजू तान्हा असताना म्हणायची तेच. वाम आधी ताठली. कातळातून एक थरथर तिच्या दातापर्यंत आली. मग अंग सैल पडलं. बोटभर मागं आलं. थांबलं. आणखी बोटभर. घटका गेली असेल, जास्त गेली असेल. अक्काबाईचा खांदा बधिर झाला, गुडघे गाळात रुतले. शेपूट बाहेर आली, पंख्यासारखी रुंद. मग कंबर, मग पाठ, पिवळट, काळ्या डागांची. जन्मभर वामा धरलेल्या बहिरूनं गोणीचं तोंड आणखी फाकवलं.

शेवटी डोकं यायचं तेव्हा अक्काबाईनं मान दोन्ही हातांत धरली. हळूच, दाब न देता. डावा अंगठा डाव्या पराला लागला, मऊ, हलणारा. उजवा अंगठा उजव्या बाजूला गेला.

तिथं पर नव्हता. नुसतं गुळगुळीत कातडं आणि मध्ये जुन्या जखमेची गाठ.

अक्काबाईनं परत चाचपून बघितलं. डावीकडे आहे. उजवीकडे नाही. करंजपाडा. तिच्या भावानं, वाल्मीकनं, लग्नाच्या सकाळी ब्लेडनं कापलेला पर. "रडू नको गं, तिला काही दुखत नाय," असं म्हणाला होता तो.

तिची वाम! जिवंत होती. पाच दिवस नाही, अठ्ठावीस वर्षं जिवंत होती, आणि मांडीएवढी झाली होती. ती हसली का रडली तिलाच कळलं नाही, तोंडावर चिखल होता. वामेचा बारका डोळा तिच्याकडे बघत होता आणि घसा फुगत होता, बसत होता.

मग तिला वर उभी असलेली म्हातारी आठवली. म्हणजे म्हातारी रोज जिला हाक मारते ती तिची नाहीच. तिची कधीच मेलेली. बिचारीला माहीत नाही. डोळे गेलेले, उद्या-परवाची पाहुणी. आता कळलं तर काय उरेल तिच्याजवळ?

अक्काबाईनं वाम गोणीत सोडली. मघाशी तिचा हात चिरीत खोल गेला होता तिथं, अगदी टोकाला, बर्फासारखं गार पाणी दोऱ्याएवढं वाहत होतं. ते तिच्या ध्यानात राहिलं.

गोणी वर ओढायला तीन माणसं लागली. निळ्या ड्रममध्ये विहिरीचं पाणी भरलं होतं, त्यात वाम सोडली. ड्रमला आतून दोन वेढे देऊन, मान वेढ्याखाली दडवून ती बसली. तिच्या अंगाला उन्हाचा कवडसा लागला आणि डाग सोन्यासारखे दिसले. वाळूबुवानं डोक्यावरची टोपी काढली. लखननं फोन काढला होता, तो खिशात ठेवला.

"कुसाबाई, धन्य तुझी वाम!" वाळूबुवा म्हणाला.

"मला हात लावू द्या," कुसाबाई म्हणाली.

अक्काबाई झटकन पुढं झाली. तिनं म्हातारीचं मनगट धरून हात वामेच्या पाठीवर ठेवला, मानेकडे जाऊ दिला नाही. "ही बघा आत्याबाई. तुमचीच हाय. डावा पर नाय तिला. मी आत बघितलं."

म्हातारीचा हात पाठीवर तसाच राहिला. मग हात काढून तिनं पदराला पुसला आणि काठी टेकत घरात गेली. त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही भाकर शिवली नाही.

लखननं दक्षिणेला सुरुंग घ्यायचं ठरवलं होतं. पाणी शोधणाऱ्या पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून तीच बाजू दाखवली होती. अक्काबाई म्हणाली, "तिकडं नको, चिरीच्या खाली घ्या. तिथं पानी गार हाय, वाहतं हाय." लखननं बहिरूकडे बघितलं. बहिरू म्हणाला, "तिचा हात गेलाय तिथवर, नारळाचा गेला नाय." तीनला बार उडाला, पाडा हादरला, कोंबड्या छपरावर गेल्या. दोन दिवस विहिरीवर उभ्या केलेल्या यारीच्या दोरानं दगड वर ओढले. तिसऱ्या सकाळी विहिरीत पुरुषभर पाणी होतं, आणि खालचा तळ दिसेल इतकं निवळ. चिरीची आता मोठी कपार झाली होती. बहिरूनं आणि अक्काबाईनं मिळून वाम सोडली. ती क्षणभर पाण्यात लांब पसरली, सगळ्यांना पुरती दिसली, आणि कपारीत शिरली.

"आजपासून पाचव्या दिवशी," कुसाबाई ओट्यावरून म्हणाली, "सगळ्या पाड्याला विहिरीवर बोलवा."

पाचव्या दिवशी ऊन उतरल्यावर लोक जमले. तोवर पाणी चढत काठावरून हात पोचेल इतकं वर आलं होतं. कुसाबाई काठावर बसली. भाकरीचा गोळा तिनं अक्काबाईच्या हातात ठेवला.

"तू टाक."

"मी कशाला आत्याबाई? वाम तुमची..."

"खोटं बोलू नको!" म्हातारीचा आवाज चिरका झाला. "ड्रमपाशी तू बोललीस तेव्हाच बोलनार होते. तोंड उघडलं नाय माझं. ती तुझी हाय. मला ठाऊक हाय. पयल्यापासून ठाऊक हाय."

वाळूबुवा काठाकडे दोन पावलं पुढं आला.

"तुझ्या पाचव्या दिवसाच्या आदल्या सकाळी मी पान्याला आले," कुसाबाई सांगायला लागली. "माझी वाम पोट वर करून तरंगत होती. एवढी, हाताएवढी. पदरात घेतली, वांग्याच्या वाफ्यात पुरली. मला वाटलं, संपलं, आता घर हिचं. कणगी हिची. मी आपली मागून खानारी. तुझी तेव्हा वर आली नाय, लहान होती, बुजली असंल. मी म्हनून टाकलं, हिची गेली. आठ दिवसांनी भाकर टाकली तर करंगळीएवढी ती वर आली. उजवा पर नव्हता. सांगायला पायजे होतं. एक दिवस उशीर केला. मग वरीस झालं. मग सांगायला तोंडच उरलं नाय. तिला तुझ्या गावाच्या नावानं हाक कशी मारू? माझ्या गावाच्या नावानं मारायची आन् ती मुकी येऊन खायची."

बहिरू "आये!" एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

अक्काबाई उभी होती. विहिरीत तिला या बाईची दया आली होती. आता ती दया कुठं गेली कळेना. नासलेलं दूध, मेलेलं करडू, दारात उभं राहून मागितलेलं एकेक पायली बी, सगळं घशाशी आलं. "म्हंजे तुम्ही रोज," ती म्हणाली, "रोज सांजच्याला, मी चुलीपाशी आईकत असताना..." भाकरीचा गोळा तिनं मुठीत चेचला होता.

"कणगीला आजपासून तू हात लाव," म्हातारी म्हणाली. "मी मागून घेईन. नाय दिलंस तरी चालंल."

"कणगीचं बघू मग," अक्काबाई म्हणाली. तिचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू गेला. "आधी एक सांगते. पल्लवीला वाटलं तर ती वाम आनील, नाय वाटलं तर नाय आननार. आनली आन् ती वर आली नाय, तरी त्या पोरीला कुनी काय बोलायचं नाय. आईकलं का सगळ्यांनी?"

वाळूबुवासकट सगळ्यांनी माना डोलवल्या.

"आन् भाकर मी टाकते. हाक तुम्ही मारायची, आत्याबाई. तिच्या गावाच्या नावानं. सगळ्या पाड्याला आईकू येईल अशी."

कुसाबाईनं मान खाली घातली. अक्काबाईनं भाकर पाण्यात सोडली. नुसते पाण्याचे तरंग काठाला लागत राहिले.

"ये गं," म्हातारीनं हाक मारली. पुढचं नाव फुटेना. तिनं ओठ पुसले, काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "ये गं, करंजपाड्याची!"

पाणी हललं नाही. अक्काबाईला एकोणिसाव्या वर्षीचं ते न हललेलं पाणी आठवलं.

"ये गं, करंजपाड्याची! ये गं बाय माझे!"

कपारीच्या तोंडाशी आधी पाणी पिवळं झालं. मग ती निघाली, घाई न करता, डोकं, पाठ, पाठ, पाठ, सगळी विहीर एकदा आपल्या अंगानं मोजून वर आली. पाण्याबाहेर तोंड काढून थांबली. उजव्या बाजूला पर नव्हता, आणि तो नाही हे पाड्यातल्या शेवटच्या माणसानंही वाकून बघितलं. मग तिनं भाकर तोंडात घेतली.

"आली का?" कुसाबाईनं विचारलं. तिच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अक्का, आली का गं?"

अक्काबाई काठावर बसली आणि तिनं म्हातारीचा हात धरून पाण्यात बुडवला. वाम तिथंच होती. या वेळी तिनं तो हात मानेपर्यंत जाऊ दिला.

"आली," ती म्हणाली.